सुट्टीतला एक रविवार दोघांसाठी
पातुरात नवं घर मांडणाऱ्या फौजी जोडप्यांना

सुट्टीवर आलेल्या जवानाला वऱ्हाडात वेशीतच दोन प्रश्न विचारले जातात. "कधी आला बापू?" आणि लगोलग, "किती दिवस हाय?" दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर देता देताच सुट्टी सरायला लागते. जवानाला वर्षाकाठी ६० दिवसांची वार्षिक आणि ३० दिवसांची नैमित्तिक रजा असते. ऐकायला भरपूर वाटते, पण ती तुकड्यातुकड्यांनी मिळते आणि मिळते तेव्हा घरची खोळंबलेली कामं दारात उभी असतात. तलाठ्याकडचा फेरफार, बँकेतलं जोडखातं, युनिटकडे पाठवायचा बाळाचा जन्मदाखला, सोयऱ्यांकडची लग्नं, एक दिवस मावशीकडे जेवण, एक दिवस चुलत्यांकडे. नवी नवरी या सगळ्यात त्याच्यासोबत असते खरी, पण प्रत्येक ठिकाणी चार माणसांत. दोघांनी एकमेकांशी बोलायचं राहूनच जातं आणि अकोल्याच्या फलाटावर बॅग खाली ठेवताना ते आठवतं.

पातूर तालुक्यातल्या खेड्यांतून फौजेत गेलेल्या पोरांची लग्नं झाली, लेकरू झालं, की शाळेसाठी आणि दवाखान्यासाठी पातुरात दोन खोल्यांचं घर बघितलं जातं. तो फिल्डवर, ती इथं. काही जोडपी जास्त नशीबवान असतात. अकोल्याला एनसीसीची ११ महाराष्ट्र बटालियन आहे. तिथं कॅडेटांना शिकवायला रेजिमेंटांतून हवालदार, सुभेदार येतात आणि पोस्टिंग असेपर्यंत बायकामुलांसह राहतात. त्यांना दर आठवड्याला रविवार मिळतो, बाकीच्यांना तो फक्त सुट्टीत मिळतो. हा लेख दोन्ही तऱ्हेच्या जोडप्यांसाठी आहे. माझा स्वतःचा संसार फौजेतल्या क्वार्टरांमध्ये झाला आणि आता मुक्काम याच भागात आहे, म्हणून हे हक्कानं सांगते.

सांगायचं ते आधीच सांगून टाकते. सुट्टीत फिरायला कुठं जायचं हे ठरवताना एकच प्रश्न विचारा: तो परत गेल्यावर हिला हे एकटीला, लेकराला घेऊन किंवा शेजारणीसोबत चालू ठेवता येईल का? येत असेल तर ती जागा तुमची, तो छंद तुमचा. एकदाच जाऊन फोटो काढून यायच्या जागा खुशाल पाहा, पण सुट्टीतले मोजके रविवार त्यांच्यावर खर्चू नका. त्याच्या माघारी तिच्याजवळ एक वाट, एक तलाव आणि दोन मैत्रिणी असल्या पाहिजेत. हे सगळं तो असतानाच सुरू होतं, कारण नव्या गावात एकट्या बाईनं पहिल्यांदा कुठं जायचं म्हटलं की घरातले दहा शंका काढतात. दोघं मिळून चार वेळा गेलेल्या जागेबद्दल कुणी शंका काढत नाही.

सुरुवात घराजवळून करा. पातूर हे वऱ्हाडच्या दोन तुकड्यांच्या शिवेवर बसलेलं गाव आहे. उत्तरेला अकोल्याकडे पूर्णेच्या खोऱ्यातली काळी सपाट जमीन, म्हणजे पायनघाट. दक्षिणेला मेडशी-मालेगावकडे चढत जाणारा डोंगर, म्हणजे बालाघाट. गाव ओलांडलं की घाट लागतो. त्यामुळे वऱ्हाडातल्या कितीतरी तालुक्यांच्या गावांना जे नाही ते तुमच्या अंगणात आहे: चढण. रेणुकामातेची टेकडी सगळ्यांना ठाऊक आहे. नवरात्रात तिथं पाय ठेवायला जागा नसते, एरवी रविवारी पहाटे ती मोकळी असते. त्याला पीटीची सवय असते आणि सुट्टीत ती मोडते. तिला सवय नसते आणि ती लावायची असते. दोघांनी मिळून पायऱ्या चढायच्या, त्यानं तिच्या वेगानं. हे 'तिच्या वेगानं' फार महत्त्वाचं. पहिल्याच दिवशी बायकोला रिक्रूट समजून पळवणारे बहाद्दर मी पाहिले आहेत. ती दुसऱ्या रविवारी उठतच नाही.

टेकडीनंतर लेणी. डोंगराच्या काळ्या पाषाणात कोरलेली पातूरची लेणी पुरातत्त्व खात्याच्या संरक्षणाखाली आहेत. अजिंठा-वेरूळ डोळ्यांसमोर ठेवून गेलात तर ती साधी वाटतील. इथं चित्रं नाहीत. पण गर्दीही नाही, आणि खडकात कोरलेल्या खांबाला टेकून तासभर बसता येतं. सोबत एक वही आणि पेन्सिल घ्या. खांब, उंबरा, दालनाची मांडणी, जमेल तसं रेखाटा. चित्रकला येण्याची गरज नाही. फोटो काढणारा माणूस मिनिटभर बघतो आणि रेखाटणारा अर्धा तास. भिंतीवर नाव किंवा बदाम कोरणाऱ्यांना मात्र हटका. गणवेशाची सवय असलेल्या माणसानं सांगितलं की पोरं ऐकतात. लेण्यांत आणि किल्ल्यांत आग्या मोहोळ असू शकतं, तिथं अगरबत्ती, शेकोटी किंवा उग्र अत्तर नको.

गावाला जुने लोक पातूर शेखबाबू म्हणतात, ते इथल्या शेखबाबूंच्या दर्ग्यावरून. फौजी माणसाला मंदिर-मशीद-गुरुद्वारा एकाच आवारात, सर्वधर्मस्थळात बघायची सवय असते. तुमच्या लेकरांना ही सवय पातुरातही लावता येईल.

आता ज्या छंदावर माझा सगळ्यात जास्त जीव आहे, त्याकडे येते: पक्षी बघणं. अकोला-पातूर रस्त्यावर कापशीचा तलाव आहे. पातूरजवळ मोर्णा धरण आहे. अकोल्यातून वाहते ती मोर्णा हीच. निर्गुणेवरचं धरणही याच तालुक्यात. हिवाळ्यात अशा पाणथळ जागांवर उत्तरेकडून बदकं उतरतात. त्यात चक्रवाक ओळखायला सगळ्यात सोपा. अंग नारिंगी-बदामी, डोकं फिकट, शेपूट काळी. सहसा जोडीनं फिरतो. आवाज असा मोठा आणि नाकातून काढल्यासारखा, की एकदा ऐकला की पुन्हा विसरत नाही. ऑक्टोबरच्या सुमारास येतो आणि उन्हाळा लागता लागता निघून जातो.

निघून कुठं जातो? त्यातले कितीतरी हिमालयापलीकडे, लडाखच्या उंच सरोवरांकडे जातात. तिथं त्यांची वीण होते. डोक्यावर दोन काळे पट्टे असलेला पट्टकदंब हंसही लडाखमध्ये वीण करतो आणि हिमालय ओलांडून खाली येतो. म्हणजे तुमचा माणूस उन्हाळ्यात लडाखच्या पोस्टिंगवर असेल तर त्याला तिथल्या पाण्यावर जो पक्षी दिसतो, त्याच जातीचा पक्षी तुम्हाला डिसेंबरात इकडच्या तलावावर दिसू शकतो. संस्कृत कवींनी चक्रवाकाची जोडी रात्री ताटातूट होणारी म्हणून विरहाची खूण मानली, ती उगाच नाही. पण मला त्यातली काव्यापेक्षा सोय जास्त आवडते. रोजच्या फोनवर बोलायला काहीतरी लागतं. "जेवलीस का, जेवलो, लेकरू कसं आहे, बरं आहे" एवढ्यावर फोन संपणारी जोडपी मी कितीतरी पाहिली. त्यात प्रेम कमी नसतं, विषय संपलेला असतो. तो सांगू शकत नाही अशा गोष्टी त्याच्याकडे असतात आणि ती सांगते त्या रोजच्याच असतात. अशा वेळी "आज तलावावर एक नवं बदक आलंय, चोच चमच्यासारखी चपटी" हे वाक्य फार उपयोगी पडतं. (तो थापट्या.)

यासाठी लागतं काय? आठ पट मोठं दाखवणारी एक साधी दुर्बीण, एक वही आणि मराठी नावांसाठी मारुती चितमपल्लींचा 'पक्षिकोश' हाताशी असला तर उत्तम. चितमपल्ली वनखात्यात होते आणि त्यांची नोकरीतली कितीतरी वर्षं विदर्भाच्या जंगलांत गेली. त्यामुळे त्यांनी नोंदवलेली पुष्कळ नावं आपल्या भागातल्या म्हाताऱ्यांच्या तोंडी असलेली सापडतात. सूर्य उगवताना तलावावर पोहोचा, सूर्य पाठीशी ठेवा आणि काठावर न फिरता एका जागी बसा. अर्ध्या तासात पक्षी तुम्हाला विसरतात. वहीत तारीख, जागा, पक्षी, किती होते आणि काय करत होते एवढं लिहा. वही दोन ठेवा: एक घरी, एक त्याच्या ट्रंकेत.

इथं एक गोष्ट स्पष्ट सांगते. त्याच्या वहीत जागेचं नाव नको. कोणत्या सेक्टरला, कोणत्या पोस्टजवळ पक्षी दिसला हे कागदावर नको, फोनवर नको आणि पक्ष्यांच्या नोंदींच्या ॲपवर तर मुळीच नको, कारण ते जागा नकाशावर टाकतं. 'चक्रवाक, दोन, सकाळी' एवढं पुरे. तेच गावातल्या फिरण्याच्या फोटोंचं. गणवेशातला फोटो, युनिटचं नाव, रेल्वेचं तिकीट, 'आज निघाला माझा फौजी' असं स्टेटस, यातलं काहीही टाकू नका. मोबाइल आणि समाजमाध्यमांबद्दल युनिटचे आदेश वेळोवेळी बदलतात. चालू आदेश काय आहे ते त्यानं घरी नीट समजावून सांगावं. घरात एकटी बाई राहते हे जगाला कळू नये, हे कारणही काही लहान नाही.

पक्षी पुरेसे ओळखीचे झाले की काटेपूर्णा अभयारण्यात जा. अकोला आणि वाशीम जिल्ह्यांत पसरलेलं हे अभयारण्य १९८८ सालचं आहे. त्याला लागून महानचं धरण आहे आणि अकोला शहराचं पिण्याचं पाणी तिथूनच येतं. चौशिंगा हे इथलं खास हरीण. भारतात शिंगांच्या दोन जोड्या असलेलं रानजनावर हे एकच. ते लाजरं आहे, सहज दिसत नाही. नाही दिसलं तर हळहळू नका, वनखात्याचा वाटाड्या पाऊलखुणा दाखवतो. प्रवेशाची वेळ आणि परवानगी आधी विचारून जा.

फौजी माणसाच्या बायकोला नेहमी एक अडचण येते: त्याच्या कामाबद्दल त्याला काही विचारता येत नाही, आणि तो सांगत नाही. यावर मला सापडलेला उत्तम उपाय म्हणजे किल्ला. किल्ल्यावर नेऊन त्याला विचारा, "तुला हा घ्यायचा असता तर कुठून आला असतास?" गप्प राहणारा माणूस तासभर बोलतो. गुप्त काहीच सांगत नाही, पण त्याचं डोकं कसं चालतं ते तुम्हाला पहिल्यांदा कळतं.

सगळ्यात जवळचा म्हणजे बाळापूर. पातूरहून वाडेगावमार्गे जा. वाडेगाव लिंबांसाठी प्रसिद्ध आहे, येताना पिशवीभर आणा आणि लोणचं घाला. बाळापूरचा किल्ला मन आणि म्हैस या नद्यांच्या संगमावर आहे. औरंगजेबाचा मुलगा आझमशहा यानं तो बांधायला घेतला आणि एलिचपूरचा नबाब इस्माईलखान यानं १७५७ मध्ये पुरा केला. दगडाऐवजी विटांचं काम आहे, आणि त्या काळातलं अव्वल काम. बुरुजावरून खाली बघा. पूर्वी पावसाळ्यात दोन्ही नद्या भरल्या की एक बाजू सोडली तर किल्ल्याभोवती पाणीच पाणी व्हायचं. म्हणजे खंदक निसर्गानं दिला आणि शत्रूला यायला एकच वाट ठेवली. तिथं दरवाजे कसे एकापुढे एक वळणं घेत येतात ते त्याला समजावून सांगू द्या. नदीकाठी मिर्झाराजे जयसिंगांची छत्री आहे. हे तेच जयसिंग, ज्यांच्याशी शिवाजी महाराजांनी १६६५ मध्ये पुरंदरचा तह केला. लेकरांना शाळेत शिकवलेला माणूस असा बाळापूरच्या नदीकाठी भेटतो, तेव्हा इतिहासाचं पुस्तक त्यांना जवळचं वाटू लागतं. किल्ल्यात सरकारी कचेऱ्या आहेत, त्यामुळे आत कधी जाता येईल ते आधी चौकशी करूनच ठरवा.

दुसरी फेरी मोठी, अख्ख्या दिवसाची: अकोटकडे. अकोटच्या उत्तरेला सातपुड्यात नरनाळा. तो आता मेळघाट व्याघ्र प्रकल्पाच्या हद्दीत येतो, शहानूरला वनखात्याच्या नाक्यावर नोंद करूनच वर जावं लागतं आणि अंधार पडायच्या आत उतरावं लागतं. तिथला महाकाली दरवाजा बघितल्याशिवाय परतू नका. फिकट रंगाच्या वालुकाश्मावर कमळं आणि अक्षरं अशी नाजूक कोरली आहेत, की हा लढाईचा दरवाजा आहे हे विसरायला होतं. बहमनी राजवटीच्या अखेरीला, १४८७ च्या सुमारास, फतेउल्ला इमादउल्मुल्कानं तो उभारला. वर नऊगजी तोफ आहे.

आणि त्याच भागात, तेल्हारा तालुक्यात, अडगाव आहे. इथं बघायला भव्य असं काही नाही, शेतं आहेत. पण २९ नोव्हेंबर १८०३ रोजी याच शेतांवर नागपूरकर भोसले आणि शिंदे यांच्या फौजांची आर्थर वेलस्लीच्या इंग्रजी फौजेशी लढाई झाली. पुढं वॉटर्लूला नेपोलियनला हरवणारा ड्यूक ऑफ वेलिंग्टन तो हाच. मराठ्यांच्या तोफा सुरू झाल्या तेव्हा वेलस्लीच्या काही पलटणी बिथरून मागं फिरल्या होत्या आणि त्यानं स्वतः पुढं होऊन त्या सावरल्या. लढाई आपण हरलो. १५ डिसेंबरला गाविलगड पडला, १७ डिसेंबरला देवगावचा तह झाला आणि वर्धेच्या पश्चिमेचा वऱ्हाड भोसल्यांच्या हातून जाऊन निजामाकडे गेला. आपल्या आजोबा-पणजोबांच्या 'मोगलाई'च्या गोष्टींमागं ही लढाई आहे. त्या शेताच्या बांधावर उभं राहून जवानाला विचारा, "त्या पलटणी का बिथरल्या असतील?" माझ्या मते कोणत्याही संग्रहालयापेक्षा हा बांध त्याला जास्त बोलका वाटेल. पिकात मात्र पाय घालू नका आणि शेतमालक दिसला तर आधी रामराम करा.

लांबचे रविवार थोडक्यात सांगते. लोणारचं सरोवर पातूरहून मालेगाव-मेहकर करत एका दिवसात होतं. उल्केच्या आघातानं काळ्या बेसॉल्टमध्ये पडलेला, जवळजवळ १.८ किलोमीटर व्यासाचा हा खळगा आहे आणि २०२० पासून तो रामसर यादीत आहे. काठावरून बघून परत फिरू नका, गावातलं दैत्यसूदनाचं देऊळ अवश्य बघा. बार्शीटाकळीचं कालिका देवीचं देऊळ शके १०९८ च्या शिलालेखासाठी बघावं. शिरपूर जैनला अंतरिक्ष पार्श्वनाथ. शेगावला तर तुम्ही आम्ही न सांगताच जाल.

शेगाववरून आठवलं. गजानन महाराजांची पालखी आषाढीसाठी पंढरपूरला निघते ती अकोला, वाडेगाव, पातूर करत घाटानं मेडशीकडे जाते. ज्या वर्षी सुट्टी त्या दिवसांत पडेल त्या वर्षी पातूरपासून घाट चढेपर्यंत पालखीबरोबर चाला. पांढऱ्या कपड्यातले वारकरी टाळ-पताका घेऊन रांगेनं घाट चढतात, ती शिस्त बघून फौजी माणूस थक्क होतो. त्याची सुट्टी नसेल तर तिनं चालावं. सोबतीला अख्खी आळी असते.

जेवणाबद्दल लिहिलं नाही तर वऱ्हाडची कसली मी! हिवाळ्यातल्या एका रविवारी हॉटेल सोडा आणि कुणाच्या तरी शेतात रोडगे करा. ते त्यानंच करायचे, लंगरात ज्यानं कढई सांभाळली त्याला हे अवघड नाही. गहू जाडसर दळून आणायचा. कणकेत मीठ, ओवा आणि तेलाचं मोहन घालून घट्ट भिजवायची. लहान पोळी लाटून तिला तेल लावायचं, तिच्यात दुसरी, तिच्यात तिसरी अशा गुंडाळत गोळे करायचे. गोवऱ्या पेटवून त्यांचा लाल आर होऊ द्यायचा, धूर असताना घाई केली तर रोडगा कडू होतो. गोळे आरावर फिरवत वरून रंग आला की गरम राखेत पुरायचे आणि विसरून जायचं. तोवर बाजूच्या चुलीवर गावरान वांग्यांची झणझणीत भाजी आणि तुरीचं वरण. तासाभरानं रोडगा बाहेर काढला, फडक्यात धरून राख झटकली आणि हातानं फोडला की थर सुटतात आणि वाफ येते. त्यावर साजूक तूप सोडायचं, चमच्यानं नव्हे, वाटीनं. या जेवणाला घरमालकाच्या कुटुंबाला आणि शेजारच्यांना बोलवा. तो परत गेल्यावर रात्री-बेरात्री लेकराला ताप आला तर हीच माणसं धावून येणार आहेत.

घराच्या गच्चीवर किंवा अंगणात चार कुंड्या लावा. मिरची, वांगी, कोथिंबीर, मेथी, एक कढीपत्ता. अकोल्याच्या डॉ. पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठाच्या शिवार फेरीत एकदा दोघं मिळून जा. १९६९ पासूनचं हे विद्यापीठ आहे, उभी पिकं बघायला मिळतात, शंका विचारता येतात आणि निवृत्तीनंतर शेती करायचं मनात असेल तर डोळे उघडतात. बाग हा एकटीला पेलणारा छंद आहे. भाड्याच्या घरात असाल तर सगळं कुंड्यांतच लावा, बदलीत सोबत नेता येतं.

त्याच्यासाठी एक काम आहे. पहाटे पातूरच्या रस्त्यांवर भरतीची तयारी करणारी पोरं पळताना दिसतात. बहुतेकांना १.६ किलोमीटरची धाव कशी टप्प्यांत वाटायची, शेवटच्या चारशे मीटरसाठी दम कसा राखायचा हे सांगणारं कुणी नसतं. कुणी अनवाणी पळतं, कुणी डांबरी हायवेवर ट्रकच्या कडेनं. रविवारचा एक तास त्यांना द्या. मैदानावर पळायला लावा, बीम आणि उड्या करून घ्या, कागदपत्रं कोणती लागतात ते समजावा आणि पैसे मागणाऱ्या दलालांपासून सावध करा. मुलीही तयारी करतात, त्यांच्याकडे तिनं लक्ष द्यावं. तो गेल्यावर या पोरांची 'वहिनी' म्हणून गावात तिला जो मान मिळतो, तो मागून मिळत नाही.

ऋतूचं भान मात्र ठेवा. अकोल्याचा मे महिना ४५ अंशांच्या वर जातो, त्या दिवसांत सकाळी दहाच्या आत घरी परतायचं, रुमालात कांदा असला तरीही. पावसाळ्यात घाट हिरवागार होतो आणि पोरं धबधब्याखाली शिरतात. शेवाळलेला बेसॉल्ट साबणासारखा निसटता असतो, आणि वरच्या रानात पाऊस झाला तर खाली पाणी एकाएकी वाढतं. ओढा लाल-गढूळ दिसला की लगेच काठावर या. ऑक्टोबरात डोंगरात सीताफळं, डिसेंबर-जानेवारीत हुरडा, मार्चमध्ये पळस. फिरण्याचे खरे महिने हेच.

आता शेवटचं आणि सगळ्यात गरजेचं. वरच्या सगळ्या जागा तिला एकटीला गाठता आल्या पाहिजेत. एसटी आहेच, आणि मार्च २०२३ पासून बायकांना अर्ध्या तिकिटात प्रवास आहे, त्याचा फायदा जरूर घ्या. पण पहाटे तलावावर बस सोडत नाही. म्हणून सुट्टीतले रविवार तिला स्कूटर शिकवण्यात घालवा. रिकामं मैदान, मग गावाबाहेरचा आडरस्ता, मग बाजारातली गर्दी आणि सगळ्यात शेवटी हायवे, या क्रमानं. शिकवताना आवाज चढवू नका, ती तुमची बायको आहे. हेल्मेट दोघांनाही हवं, मागं बसणाऱ्यालासुद्धा. गाडीची कागदपत्रं, विमा आणि पेट्रोलचे पैसे तिच्या हातात द्या. स्कूटर आल्यावर ती तलावावर जाईलच, शिवाय लेकराचा दवाखाना, बँक आणि अकोल्याचं जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयही तिच्या आवाक्यात येईल.

शिकाऊ लायसन्सची परीक्षा आधारच्या साहाय्यानं घरबसल्या ऑनलाइन देता येते. पण पक्क्या लायसन्सची चाचणी त्यानंतर ३० दिवसांनीच देता येते. म्हणून अर्ज सुट्टीच्या पहिल्याच आठवड्यात भरा, म्हणजे अकोल्याच्या आरटीओत चाचणीच्या दिवशी तो तिच्यासोबत असेल.